जुन्या पिकअपचा एसी दर उन्हाळ्यात गरम हवा का फेकतो? गॅस भरण्याआधी तपासायच्या गोष्टी

एप्रिल लागला की जुनी डबल-केबिन पिकअप बाळगणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते. गेल्या उन्हाळ्यात गॅस भरला, दोन महिने बरं चाललं, आता परत गरम हवा. गॅरेजात नेली की पुन्हा गॅस भरून मिळतो आणि वर ऐकायला मिळतं, ‘गाडी जुनी झाली, आता दरवर्षी भरावाच लागणार.’

हे खरं नाही. एसीतला गॅस डिझेलसारखा जळून संपत नाही, तो बंद नळ्यांमधून गोल फिरत राहतो. कमी झाला म्हणजे कुठून तरी बाहेर गेला. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्ट सीलमधून वर्षाला थोडा गॅस झिरपतो हे मान्य, पण तेवढ्याने गारवा कमी झालेला जाणवायला चार-पाच वर्षं जावी लागतात. एका सीझनमध्ये रिकामी होणारी सिस्टीम लीक आहे. ते लीक न शोधता भरलेला गॅस पुढच्या उन्हाळ्यापर्यंत टिकणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे बऱ्याच गाड्यांमध्ये गॅस पुरेसा असतो आणि बिघाड भलतीकडेच असतो. तिथे वरून गॅस ओतला की गारवा उलट घटतो आणि कॉम्प्रेसरवर ताण येतो तो वेगळाच.

खालचं सगळं बोलेरो कॅम्पर, स्कॉर्पिओ गेटअवे, टाटा झेनॉन अशा डिझेल पिकअप डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. यांत आर-१३४ए गॅस असतो, पट्ट्यावर चालणारा क्लचवाला कॉम्प्रेसर असतो, गॅसची उष्णता बाहेर टाकणारा कंडेन्सर पुढच्या जाळीमागे आणि हवा गार करणारी कूलिंग कॉइल व तिच्यात गॅस सोडणारा एक्स्पान्शन व्हॉल्व्ह डॅशबोर्डच्या आत.

आधी बिघाडाची सवय ओळखा

एसी कधी गार करतो आणि कधी सोडून देतो, एवढं नीट सांगता आलं तरी निम्मं काम होतं. गाडी सावलीत लावा, काचा बंद, हवा आतल्या आत फिरवणारं बटण चालू, ब्लोअर दोनवर, इंजिन १५०० आरपीएमवर. डॅशबोर्डवर हवा येते त्या मधल्या जाळीत साधा डिजिटल थर्मामीटर खोचा आणि दहा मिनिटं थांबा. बाहेर ३५ अंश असताना ८ ते १२ अंश आले तर एसी ठीक आहे. कोकणात दमट दिवशी १३-१४ अंश आले तरी घाबरू नका. कॉइलची बरीच ताकद हवेतल्या बाष्पाचं पाणी करण्यात जाते, म्हणून गाडीखाली पाण्याची धार लागते. उलट नागपूर-चंद्रपूरच्या कोरड्या मे महिन्यात खाली पाणी जवळजवळ पडतच नाही. ते बिघाडाचं लक्षण नाही.

पुढे गाडीची सवय बघा. हायवेवर गार आणि सिग्नलला गरम होत असेल तर कंडेन्सरला हवा मिळत नाही. सकाळी छान आणि दुपारी तासाभराने अचानक बंद, मग थोडा वेळ थांबलं की आपोआप सुरू, असं असेल तर कॉम्प्रेसरच्या क्लचवर संशय घ्या. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटं गार आणि मग गरम होत असेल तर कुठेतरी बर्फ धरतोय. कायम अर्धवटच गार करत असेल तर गॅस कमी असू शकतो, पण त्याआधी हीटर तपासा. ब्लोअर फक्त शेवटच्या स्पीडवर चालत असेल तर त्याचा रेझिस्टर गेलाय, त्याचा गॅसशी काही संबंध नाही.

हीटरचं गरम पाणी

हे कोणी बघत नाही आणि जुन्या गाडीत हे फार सापडतं. कूलिंग कॉइलमधून गार झालेली हवा हीटर कोअरच्या, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी फिरणाऱ्या छोट्या रेडिएटरच्या, जवळून पुढे जाते. हीटरची केबल ताणली असेल, गरम पाण्याचा कॉक गंजून पूर्ण मिटत नसेल किंवा फ्लॅपचा फोम झडला असेल, तर ८ अंशाची हवा जाळीपर्यंत येता येता १८ अंशांची होते. तपासणी सोपी. इंजिन गार असताना, फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीतून) आत जाणाऱ्या दोन हीटर होजपैकी एक रुंद जबड्याच्या क्लॅम्पने, मध्ये जाड कापड धरून, हलकेच दाबून बंद करा. मग इंजिन पूर्ण गरम होऊ द्या आणि थर्मामीटर परत बघा. चार-पाच अंशांचा फरक पडला तर गॅसला हात लावू नका. कॉक बदला किंवा केबल नीट बसवा.

कंडेन्सर आणि पंखा

पिकअपची पुढची जाळी काय काय खाते हे मालकाला माहीत असतं: कापसाचे तंतू, कांद्याची टरफलं, उसाचं पाचट, सिमेंटची धूळ. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसतो, खरा कचरा असतो कंडेन्सर आणि रेडिएटरच्या मधल्या बोटभर फटीत. वरची पट्टी काढून टॉर्च आत मारा, गादीसारखा थर दिसेल. पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेने मारा आणि साध्या पाइपानेच मारा. प्रेशर वॉशर जवळ धरला की पातळ पाती आडवी होतात आणि होती तीही वाट बंद होते. किनारपट्टीच्या गाड्यांत पात्यांना बोट लावून बघा. खारट हवेने ॲल्युमिनियम खाल्लेलं असलं की पाती भुग्यासारखी गळतात. असा कंडेन्सर धुऊन उपयोग नाही.

कचरा काढूनही सिग्नलला एसी गरमच राहिला तर पंखा बघा. इलेक्ट्रिक पंखा असेल तर एसी चालू करताच, निदान थोड्या वेळात, तो फिरायला हवा. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मग मोटर. इंजिनावर व्हिस्कस पंखा असेल तर इंजिन पूर्ण तापल्यावर बंद करा आणि पंखा हाताने फिरवा. ताकद लावावी लागली तर ठीक, एका धक्क्यात दोन-तीन गिरक्या मारल्या तर त्यातलं सिलिकॉन तेल गेलं आहे. असा पंखा इंजिनाचं तापमानही चढवतो. काही गाड्यांत इंजिन फार तापलं की ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्वतःच कॉम्प्रेसर बंद करतो, आणि मालक एसीवर खापर फोडतो.

खात्री करायची असेल तर गाडी उभी, एसी चालू ठेवून कंडेन्सरवर दोन-तीन लिटर पाणी हळूहळू ओता. मिनिटभरात डॅशबोर्डच्या जाळीतली हवा झटकन गार झाली तर दोष हवेच्या प्रवाहाचा आहे.

क्लच: दुपारी सुटतो, संध्याकाळी धरतो

या बिघाडाने जितका गॅस वाया घालवला असेल तितका दुसऱ्या कशाने नसेल. कॉम्प्रेसरच्या तोंडाशी पुली आणि तिच्यासमोर लोखंडी प्लेट असते. क्लचच्या तांब्याच्या कॉइलला वीज मिळाली की ती चुंबक बनते आणि प्लेट पुलीला चिकटते. बहुतेक कॉम्प्रेसरमध्ये या दोघांमधली फट ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. वर्षानुवर्षं घासून ती ०.८ किंवा १ मिलिमीटर होते. गार इंजिनावर तरीही प्लेट ओढली जाते. पण बॉनेटखाली ताप चढला की तांब्याच्या कॉइलचा विरोध वाढतो: २० अंशांना ३.६ ओहम असेल तर १०० अंशांना सुमारे ४.७. करंट कमी, चुंबक कमजोर, आणि वाढलेली फट त्याला पार करता येत नाही. गाडी थंड झाली की सगळं परत चालू. गॅरेजात पोहोचेपर्यंत एसी गार करत असतो, त्यामुळे दोष कोणाला दिसत नाही.

नेमका तो सुटलेला असताना मल्टीमीटर लावा. क्लचच्या वायरला व्होल्टेज बॅटरीइतकं, फार तर अर्धा व्होल्ट कमी येत असेल आणि तरी प्लेट फिरत नसेल, तर फट किंवा कॉइल दोषी. व्होल्टेज ११ च्या आसपास असेल तर रिलेचे करपलेले पॉइंट किंवा गंजलेली अर्थिंग बघा. काहीच येत नसेल तर मागे जा: फ्यूज, रिले, प्रेशर स्विच, कूलिंग कॉइलवरचा थर्मिस्टर (तापमान मोजणारा सेन्सर).

फट कमी करायला गॅस काढावा लागत नाही. इंजिन बंद करून बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, मधला बोल्ट खोला, प्लेट बाहेर घ्या. शाफ्टवर पातळ शिमा (चकत्या) दिसतील. एक काढून प्लेट परत बसवा आणि तीन ठिकाणी फीलर गेज (फट मोजायची पाती) घालून मोजा. सगळीकडे ०.४ च्या आसपास यायला हवं, आणि हाताने फिरवल्यावर प्लेट कुठेही घासता कामा नये. शिमा संपल्या असतील किंवा प्लेट निळी पडली असेल तर क्लच सेटच बदलावा लागतो.

बर्फ दोन जागी धरतो

वीस मिनिटांनी गारवा जातो तेव्हा जाळीसमोर हात धरा. हवेचा जोर कमी झाला असेल, ब्लोअर ओरडतोय पण वारा नाही, तर कूलिंग कॉइलवर बर्फ जमला आहे. थर्मिस्टर कॉइलमधून निसटलेला असतो किंवा बिघडलेला असतो, म्हणून कॉम्प्रेसर वेळेवर थांबत नाही. आतल्या हवेचा फिल्टर नसलेल्या मॉडेलमध्ये कॉइलवर धुळीचा लगदा बसला तरी हेच होतं. कॉइल साफ करताना खालची पाणी जायची नळीही मोकळी करा, नाहीतर पावसाळ्यात पायाखालचं मॅट भिजेल.

हवेचा जोर तसाच आहे पण ती गरम येते, अशी गोष्ट असेल तर बर्फ एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रात धरतोय. सिस्टीममध्ये पाण्याची वाफ शिरली आहे. लो साइडचं, म्हणजे कॉम्प्रेसरकडे परतणाऱ्या नळीतलं, प्रेशर अशा वेळी व्हॅक्यूमकडे घसरतं. पाच मिनिटं बंद ठेवलं की बर्फ वितळतो, पुन्हा तेच. उपाय एकच: ड्रायर (ओल शोषणारा डबा) बदलणं आणि नीट व्हॅक्यूम करणं, म्हणजे पंपाने आतली हवा आणि ओल ओढून काढणं.

रात्रभर उभ्या गाडीचं प्रेशर

आता गेज. गाडी रात्रभर सावलीत उभी राहू द्या आणि सकाळी इंजिन सुरू करण्याआधी गेज लावा. जाड नळीवरचा लहान पोर्ट लो साइडचा, बारीक नळीवरचा मोठा पोर्ट हाय साइडचा. दोन्ही काटे एकाच आकड्यावर असतील. शेजारी थर्मामीटर ठेवून तापमान बघा. शुद्ध आर-१३४ए साठी आकडे असे:

२० अंश: ६८ पीएसआय
२५ अंश: ८२
३० अंश: ९७
३५ अंश: ११४
४० अंश: १३३

आकडा जुळला तर आत थोडा तरी द्रव गॅस आहे आणि तो शुद्ध आहे. किती आहे ते मात्र यावरून कळत नाही. २०० ग्रॅम असो की ६००, द्रव शिल्लक असेपर्यंत प्रेशर तेवढंच राहतं. म्हणून ‘गेजवर ९० दाखवतंय, गॅस फुल आहे’ हे वाक्य निरर्थक आहे. आकडा बराच कमी आला, समजा ३० अंशांना ५०, तर द्रव संपला आहे, सिस्टीम जवळजवळ रिकामी. आणि आकडा पंधरा-वीस पीएसआयने जास्त आला तर आत हवा अडकली आहे किंवा कोणीतरी दुसराच गॅस मिसळला आहे. व्हॅक्यूम न करता टॉप-अप केलेल्या गाड्यांत हवा सापडतेच, आणि स्वस्त कॅनमध्ये एलपीजीच्या जातीचा ज्वलनशील गॅसही असतो. तिथे दुरुस्ती सगळा गॅस काढण्यापासूनच सुरू होते.

मग इंजिन सुरू करा, १५०० आरपीएम, ब्लोअर फुल. बाहेर ३५ अंश असताना लो साइड साधारण २५ ते ४० आणि हाय साइड १८० ते २३० पीएसआय दिसावी. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जादा, आत हवा किंवा कंडेन्सर गुदमरलेला. लो ७० आणि हाय १२०, असे काटे जवळ आले आणि रेस वाढवूनही दूर जात नसतील, तर कॉम्प्रेसर थकला आहे. प्रेशर स्विच साधारण ३० पीएसआयच्या खाली आणि ४०० च्या वर क्लचची वीज तोडतो. तो शॉर्ट करून गाडी चालवू नका. गॅसबरोबर तेल फिरतं, गॅस नसेल तर कॉम्प्रेसर कोरडा घासला जातो.

लीक कुठे असतो

किती दिवसांत रिकामं होतं त्यावरून शोधायची जागा ठरते. दोन-चार दिवसांत संपलं तर कंडेन्सरला दगड लागलेला, होज घासलेला किंवा क्रिम्प (होज आणि नळीचा दाबून केलेला जोड) फाटलेला, डोळ्यांनी दिसेल. दोन-तीन महिन्यांत संपलं तर ओ-रिंग, पोर्टमधली व्हॉल्व्ह पिन, शाफ्ट सील किंवा कूलिंग कॉइल. हिवाळ्यात बंद ठेवलेला एसी उन्हाळ्यात रिकामा निघाला तर आधी शाफ्ट सील बघा. न वापरता सील कोरडं पडतं, म्हणून थंडीतही आठवड्यातून दहा मिनिटं एसी चालवावा.

गॅसबरोबर तेल बाहेर येतं आणि त्याला धूळ चिकटते. जोडाभोवती काळपट ओला डाग दिसला तर तिथे साबणाचं पाणी लावा. पोर्टची प्लॅस्टिकची टोपी काढून थेंबभर पाणी टाका, फुगा आला तर पिन बदला. लाखमोलाची दुरुस्ती समजून आलेली गाडी कधी कधी एवढ्यावर सुटते. कॉम्प्रेसरच्या पुलीमागे, बॉनेटच्या आतल्या बाजूला गोल तेलाचे शिंतोडे असतील तर शाफ्ट सील. कूलिंग कॉइल दिसत नाही, म्हणून पाणी जायच्या नळीच्या तोंडाशी लीक डिटेक्टर धरा. आर-१३४ए हवेपेक्षा जड आहे, तो खालीच येतो.

रिकाम्या सिस्टीमवर नायट्रोजनने १५० ते २०० पीएसआय चढवून अर्धा तास काटा बघणं ही सगळ्यांत भरवशाची पद्धत. त्यासाठी सिलिंडरला रेग्युलेटर हवाच. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा भरू नका, तिच्यात ओल असते आणि दाबाखाली हवा व आर-१३४ए यांचं मिश्रण पेटू शकतं. ऑक्सिजन तर चुकूनही नको, तेलाशी गाठ पडली की स्फोट. नायट्रोजनला न सापडणारं बारीक लीक हिरवा यूव्ही डाय टाकून आठवडाभराने दिव्याखाली दिसतं. लीक बंद करणारं औषध मिळतं ते टाळा. ते एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि गॅस काढायचं मशीन दोन्ही जाम करतं.

भरताना

उरलेला गॅस मशीनने काढून घ्या, हवेत सोडू नका. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, पण पृथ्वी तापवण्यात त्याचा एक किलो हा कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० किलोंइतका पडतो.

उघडलेल्या प्रत्येक जोडाची ओ-रिंग नवी, तीही आर-१३४ए साठीची, पीएजी तेलात (आर-१३४ए सिस्टीममधलं कॉम्प्रेसरचं तेल) बुडवून. सिस्टीम उघडी पडली असेल तर ड्रायर नवा. तेल भागाप्रमाणे: कंडेन्सर बदलला तर ३०-४० मिली, कूलिंग कॉइलला ४०-५०, ड्रायरला १०-२०, असा साधारण हिशोब, पीएजीचा ग्रेड कॉम्प्रेसरच्या लेबलवर असतो. तेलाचा डबा उघडा ठेवू नका, पीएजी हवेतली ओल ओढून घेतं.

व्हॅक्यूम किमान अर्धा तास, पावसाळ्यात पाऊण तास. पंप बंद करून पंधरा मिनिटं थांबा, काटा हलला नाही तर पुढे. मुंबईत काटा पाऱ्याच्या २९ इंचांच्या पुढे जातो, पुण्यात हवेचा दाबच कमी असल्याने २८ च्या जवळ थांबतो आणि महाबळेश्वरला पंचविशीत. पंप बदलायची गरज नाही.

गॅस वजनकाट्यावर भरा. आकडा बॉनेटखालच्या स्टिकरवर असतो, एकच कूलिंग कॉइल असलेल्या पिकअपमध्ये साधारण ४५० ते ७०० ग्रॅम. इंजिन बंद असताना हाय साइडने द्रव जाऊ द्या, मग हाय साइडचा नॉब बंद करून इंजिन सुरू करा आणि उरलेला गॅस कॅन सरळ उभा धरून लो साइडने वाफेच्या रूपात द्या. इंजिन चालू असताना हाय साइडचा नॉब उघडला तर कॅन फुटू शकतो. डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे हवेत, हा द्रव उणे २६ अंशांना उकळतो, कातडीला लागला तर गोठवतो.

कॉम्प्रेसर आतून फुटला असेल तर नवा बसवण्याआधी काढलेल्या नळीत पांढरं कापड घाला. काळा चिकट लगदा आणि चमकणारा ॲल्युमिनियमचा चुरा आला तर नळ्या फ्लश करा, एक्स्पान्शन व्हॉल्व्ह आणि ड्रायर बदला. नव्या पद्धतीच्या चपट्या नळ्यांचा कंडेन्सर फ्लश होत नाही, तोही बदलावा लागतो. हा खर्च टाळून फक्त कॉम्प्रेसर बसवला तर तोच चुरा नव्या कॉम्प्रेसरमध्ये जातो.

काम झाल्यावर बॉनेटच्या आतल्या बाजूला चिठ्ठी चिकटवा: तारीख, भरलेले ग्रॅम, टाकलेलं तेल, बाहेरचं तापमान, जाळीतलं तापमान आणि दोन्ही काट्यांचे आकडे. महिन्याने, साधारण तेवढ्याच उन्हात, थर्मामीटर परत लावा. जाळीतलं तापमान तीन-चार अंशांनी वाढलेलं दिसलं आणि कंडेन्सर-पंखा ठीक असेल, तर सगळ्यात आधी दुरुस्तीत उघडलेले जोड आणि दोन्ही पोर्टच्या पिना यूव्ही दिव्याखाली बघा.